चौथी डिस्क

तीन डिस्कमध्ये गोष्ट होती.
चौथीवर नुसतं ‘बोनस’ लिहिलेलं,
आणि तिला सबटायटल नव्हती.

दर्शीनं तो खोका मोदी नंबर तीनच्या गल्लीतून आणला,
कुणीतरी विकून टाकलेला, कोपरे फुगलेले.
वर बर्फ उपसणाऱ्या गाडीवर बसलेली मुलगी,
नाकाच्या शेंड्यावर लाल टिंब.
मे महिना. इंदोऱ्यात सेहेचाळीस.
कूलरमधलं पाणी संपलं की गोष्ट थांबवायची,
बादली आधी, बर्फ नंतर.

तीन डिस्क पाठ झाल्यावर चौथी लावली.
एक बुटकी खोली, ओळीनं टेबलं.
चष्मेवाला माणूस, गळ्यात टॉवेल,
आपल्याकडे उन्हाचा दुपट्टा घेतात तसा.
एक पोरगी पाच कागद बोटांच्या सांदीत धरून
फडफडवते, थांबते,
एकावरची भुवई खोडते,
पुन्हा फडफडवते.
मग कुणीतरी माइकपुढे पिशवी दाबतो :
कच् कच्.
तेव्हा कळलं, ती गाडीतून उतरून चालायची
तो सगळा बर्फ मक्याचं पीठ होता.
दर्शी दोन दिवस नाराज होता.

भाषा कळेना, म्हणून आम्हीच बोलायचो त्यांच्यासाठी.
दर्शी चष्मेवाला, मी पोरगी.
“काय करून राहिली बे सकाळपासून?”
“भुवई करून राहिली, सर.”
“एक भुवई? पगार कायचा मांगतं मंग?”
“तीन महिन्याचा बाकी आहे, सर. बर्फ खाऊ का?”
माय आतून हसायची,
पोळी करपेपर्यंत.

शेवटी शीर्षकगीत पुन्हा यायचं, पण नावांशिवाय.
नुसती गाडी, नुसता रस्ता.
ज्यांनी काढलं त्यांची नावं पुसली
की त्याले बोनस म्हणतात,
असं दर्शी म्हणाला.
तेव्हा गमतीत म्हणाला होता.

मग कामठीची धम्मशीला मावशी आली मुक्कामाला.
ड्रॅगन पॅलेसच्या रस्त्यावर तिची मेणबत्त्यांची टपरी,
जपानी पाहुण्यांशी रोजचा व्यवहार.
तिला टीव्हीपुढे बसवलं :
हा काय म्हणते, सांग.

पाच मिनिटं काहीच नाही.
मग म्हणाली, “गरमी होऊन राहिली म्हणते.”
आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
“पंखा बंद आहे म्हणते वाटते.”
पुन्हा गप्प.
चष्मेवाल्यानं एक कागद दाखवत
लांबलचक काहीतरी सांगितलं,
हात हवेत फिरवला, डोळे मिटून घेतले,
पोरगीही काम सोडून ऐकत होती.
मावशी म्हणाली, “हे मोठ्या लोकायचं बोलणं.
मले पाणी समजते. थोडं थांबा समजते.
अजून एकदा. किती झाले. सुट्टे नाहीत.
गिऱ्हाइकायपुरतं येते, बाप्पा.”

तेवढ्यात पोरीनं दिवा मालवला, पिशवी उचलली.
कुणी मान वर न करता, आळीपाळीनं,
सगळे एकच शब्द बोलले.
“हे येते मले!” मावशी पुढे सरकली.
“दमलात, म्हणतात.”
“कोण कोणाले?”
“सगळेच सगळ्यायले. काम संपलं का म्हणतात.
बसमध्ये चढताना मलेही म्हणून जाते एखादी म्हातारी.
मी तं बसूनच असतो दिवसभर.”

प्लेअर कधीच बिघडला.
खोका पलंगाखाली आहे, चौथी डिस्क धरून.
दर्शी बुटीबोरीत ठेकेदाराकडे, रात्रपाळीला.
दिवाळीला कंपनीची यादी लागते गेटवर,
तिच्यात त्यानं नाव शोधणं सोडलं.

काल सकाळी तो उंबऱ्यात बूट काढत होता.
मी म्हणून पाहिलं,
“दमलास.”

त्यानं मान वर केली.
“काहून बे? काय झालं?”
आणि एकाच मोज्यावर जाऊन
कूलरच्या टाकीत वाकून पाहिलं.