एकोणीस वेळा दार

सप्टेंबरपासून माझ्या वर्गाचं दार करकरतंय.
दोनदा लेखी कळवलं. केअरटेकर डेरेक म्हणाला,
बघतो. ग्रिम्सबीत सगळंच करकरतं, मिस,
खारं वारं कशालाच सोडत नाही.

कादंबरी तीनशे बारा पानांची:
एका जहाजमालकाचं घर, तीन मुली, एक मृत्युपत्र.
चौघाचौघांचे गट पाडले. विषय त्यांचा त्यांनी शोधायचा.

चौथ्या गटात कीरन, ज्याला दर वाक्यावर विनोद सुचतो
आणि दहातला एखादा बरा असतो;
जोडी लीक, जिनं पहिला अख्खा तास
मथळ्याची अक्षरं जांभळी करण्यात घालवला;
मेसन, जो फक्त ईमेलमध्ये हजर असतो;
आणि उग्ने.
लिथुआनियाहून आली तेव्हा नऊ वर्षांची होती.
आई मासळीच्या कारखान्यात, रात्रपाळीला.
पोरगी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेली.
दोन वर्षांत माझ्याशी बोलली ते
'हो', 'नाही', आणि एकदा, 'खिडकी लावू?'

गटकाम मला चांगलं ठाऊक आहे.
एक राबतो, दोघे माना डोलावतात, चौथा आजारी पडतो,
गुण सगळ्यांना सारखे.
इस्लामपूरच्या कॉलेजात एकदा
ती चौथी मी होते.

तिसऱ्या आठवड्यात विचारलं, कुठवर आलंय?
कीरननं वही पुढे केली. अक्षर उग्नेचं.
नुसते आकडे: ४, ११, २७, पुन्हा २७, ४१…
हे काय?
'पानं, मिस. मोलकरीण दार उघडते ती.
एकोणीस वेळा. आणि चकार शब्द नाही.'
नाव काय तिचं, मी विचारलं,
परीक्षा घेतल्याच्या सुरात.
सहा वर्षं शिकवतेय ही कादंबरी,
आणि विचारता विचारता कळलं
की मलाच माहीत नाही.
'दोनशे तीन,' उग्ने म्हणाली.
तिथे, घरखर्चाच्या हिशेबात,
कोळसा आणि मेणबत्त्यांच्या मधे:
डॉर्कस, चार शिलिंग.

सादरीकरणाला मेसनसुद्धा आला.
भिंतीवर जोडीची जांभळी अक्षरं.
कीरन पुस्तक धरून उभा, वाचायचा
फक्त तेवढंच वाक्य: दार उघडलं गेलं.
की उग्ने खरंच वर्गाचं दार उघडायची.
करकर.
मेसन आत, डोक्यावर नसलेल्या हॅटला हात लावत,
तिच्याकडे न बघता.
ती दार लावायची. करकर.
तो मागच्या दारानं धावत पुन्हा बाहेर.

तिसऱ्यांदा हशा. सातव्यांदा टाळ्या.
अकराव्यांदा कीरनच काहीतरी बोलायला गेला
आणि राहिला.
पंधराव्यानंतर नुसती बिजागरी बोलत होती.

एकोणिसाव्यांदा आत कुणी आलं नाही.
पान तीनशे आठ: घर विकलं, ट्रंका निघाल्या.
उग्नेनं दार उघडलं, बाहेर गेली,
आणि बाहेरून लावून घेतलं.
आम्ही बसून राहिलो. घंटेला सहा मिनिटं होती.
मागून कुणी विचारलं, येणारे का ती परत?
सगळे माझ्याकडे बघायला लागले.

बाहेर रेडिएटरला टेकून ती फोन लावत होती.
'आईला उठवायचंय,' म्हणाली.
तिच्या तोंडचं सगळ्यात लांब वाक्य
आणि माझ्यासाठी नव्हतंच ते, नीट पाहिलं तर.

रात्री तक्ता भरायला घेतला.
स्पष्ट उच्चार, दहापैकी.
श्रोत्यांशी नजर, दहापैकी.
बोलण्याचा अवधी, किमान दोन मिनिटं.
शून्य लिहावं लागलं. लिहिलं.
शेरा ओळीत मावेना म्हणून
कागदाच्या पाठीवर गेले,
तिथून दुसऱ्या कागदावर.

सोमवारी डेरेक तेलाची बुदली घेऊन हजर.
'झालं, मिस,' म्हणाला, 'उगाच इतके दिवस लागले.'
त्याला काय सांगणार? आभार मानले.
आता दार कुणी उघडलं तरी ऐकू येत नाही.
तास चालू असताना
मधेच मान वर करून बघावं लागतं.