दुसरी ओळ

अधिवेशन आलं की दोन हप्ते मला काम असतं.
बाकी वर्षभर फ्लेक्सवाले जेवतात.
यंदा सदरमधल्या एका कचेरीची पत्र्याची पाटी आली,
पोपडे धरलेली.
शिपाई म्हणाला, वरची ओळ नवी करा, पाठराबेभाऊ,
दुसरी तीच राहू द्या.

पॉलिशपेपर फिरवला.
महाराष्ट्र शासन उडालं, खालून मुंबई राज्य,
त्याच्याखाली मध्यप्रदेश,
आणि तळाशी, गंजाला चिकटून,
मध्यप्रांत व वऱ्हाड.
त्या 'ड'ची फाकलेली शेपटी माझ्या आजाची.
चारही थरांत दुसरी ओळ जशीच्या तशी.

आजा म्हणायचा,
"पाचपावलीतून मी हाललो नाही बाप्पा,
अन् चार राज्यं फिरून आलो."
भोसल्यांचं राज्य त्याच्या पणजानं पाहिलेलं.
तेव्हा पाट्या नव्हत्या, हत्ती होते.

नात उंबऱ्यात नागरिकशास्त्र घोकत होती.
प्रजासत्ताक : जिथे राजा वारसाने येत नाही.
मधेच थांबली.
"आबा, राजाच नाही, तं प्रजा कोनाची?"

मी ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला.
काय सांगू?
शब्द पत्र्याइतके घासून निघत नाहीत.
लोकशाहीत शाही उरते,
राजधानीत राजा,
आणि आपल्या गावाच्या वाट्याला
वरून एक उप.

"आणि राज्य?"
पुण्याची तुझी मावसबहीण लपाछपी खेळताना म्हणते ना,
तुझ्यावर राज्य आलं?
म्हणजे भिंतीला डोळे लावून शंभर मोजायचे
आणि दडलेल्या एकेकाला हुडकत फिरायचं.
आमच्या गल्लीत त्यालाच
दाम म्हणतात.

संध्याकाळी मोर्चाची पोट्टी आली, कापड घेऊन.
वेगळं राज्य झालंच पाहिजे. अक्षर ठसठशीत काढा, काका.
तोच डबा, तोच ब्रश.
पाटी आणि कापड एकाच दोरीखाली वाळत ठेवली,
वाऱ्यानं एकमेकांना लागू नयेत म्हणून मधे वीट.
पोट्ट्यांनी अर्धे पैसे आगाऊ दिले.

सरकारकडचे आणायला सोमवारी गेलो.
पाटी दारावर चढलेली,
रंगाचा वास अजून गेला नव्हता.
खालची ओळ वाचली, माझ्याच हातची :
कृपया रांगेत उभे राहावे.
'भे'ची मात्रा जरा आजासारखी आली आहे.

उभा राहिलो.
माझ्यापुढे एकेचाळीस प्रजा.