डावीकडचा डबा

जिन्याखालची खोली. दारावर पाटी : आरोग्य कक्ष.
आत वजनकाटा, जो दीड किलो जास्त दाखवतो
(मी मनात वजा करते, पोरी मोठ्यानं),
उंचीची पट्टी, पलंग, पडदा,
आणि घडी कधीच न मोडलेलं स्ट्रेचर.
डॉ. इंगवले मंगळवार-शुक्रवार, अकरा ते एक.
बाकीचे दिवस मी.

प्रवेश सुरू झाले की रांग कँटीनपर्यंत.
फॉर्मवर चौदा रकाने, खाली सही, शिक्का.
गंगावेशीतल्या तालमीतला एक, छाती फुगवून मोजून घेतो
आणि सुई बघून भिंतीला टेकतो.
पन्हाळ्याकडची एक, हिमोग्लोबिन सात पूर्णांक दोन,
म्हणते, अकरा लिवा की सिस्टर,
हॉस्टेलवाले घरी कळवत्यात.
मी सात पूर्णांक दोनच लिहिते,
आणि गोळ्यांची पाकिटं एकाऐवजी दोन देते.
रक्तगट काय रे?
बी, बहुतेक. पप्पांचा बी हाय.
बहुतेकला रकाना नाही.

मग सुयोग सातपुते. सुभाषनगर. डिप्लोमा, इलेक्ट्रिकल.
बोटांच्या पेरांवर सोल्युशनचा वाळका पापुद्रा,
अंगाला कमावलेल्या चामड्याचा वास.
ठिपक्यांचं पुस्तक उघडलं.
बारा, म्हणाला. बरोबर.
पान उलटलं.
एकवीस.
मी खिडकीकडे बघितलं. उजेड पुरेसा होता.
पानावर चौऱ्याहत्तर होते.
परत बघ, गडबड नको.
एकवीसच हाय की ओ.
पुढच्या पानावर त्यानं ठिपक्यांवरून अंगठा फिरवला,
कातडं कुठं पातळ आहे ते बघतात तसा,
आणि म्हणाला, हितं काय न्हाई.

मागचे दोघे हसले. त्यांना पडद्याबाहेर काढलं.

सातवीपास्नं गोंडं लावतोय मी,
तो सांगायला लागला, मी न विचारता,
पप्पा म्हणत्यात तांबडा घे, मी तांबडा घेतो.
आजपातूर चुकलो न्हाई.
कसा घेतोस?
डावीकडचा डबा.
आणि हिरवा?
उजवीकडचा. ताई लावून ठेवती.
मग जरा वेळ तो वजनकाट्याकडे बघत राहिला.
ताईला म्हाईत आसणार.
आणि त्यानंतर, अगदी हळू :
दिवाळीनंतर लगीन हाय तिचं.

मी सांगायचं ते सांगितलं.
की हा आजार नव्हे. की सीपीआरला डोळ्यांच्या विभागात जा,
सकाळी लवकर, केसपेपरला रांग असते.
की दुसऱ्या शाखा आहेत, तिथं हा रकानाच नाही.
तांबडी वायर, हिरवी वायर, हेही सांगितलं,
म्हणजे सांगायला सुरुवात केली.
त्यानं मान हलवली. तो ऐकत नव्हता.
सिस्टर, एकच शब्द तर हाय. नॉर्मल.
पेन माझ्या हातात होतं.
मी ते ठेवलं, पेन्सिल घेतली,
लिहिलं : डॉक्टरांकडे, शुक्रवार.
तो दारात थांबला. तुमची साडी कसली हाय?
पांढरी.
ते दिसतंय, म्हणाला, आणि हसला एकदाचा.

शुक्रवारी डॉक्टर रजेवर.
सुयोग आला होता का, ठाऊक नाही,
रांग शिपायानंच परत पाठवली म्हणे.

शनिवारी पन्हाळ्याची ती परत आली.
गोळ्या संपल्या नव्हत्या, एक पाकीट मैत्रिणीला दिलं होतं.
तिच्यावर ओरडत ओरडतच
मी टेबलावरच्या डब्यात हात घातला, न बघता,
रोज घालते तसा.
बाहेर आल्या खोकल्याच्या.
झाडणाऱ्या अक्काताईंनी टेबल पुसून
डबे इकडचे तिकडे ठेवले होते.

मी लेबल वाचलं.
दोन्ही डब्यांवर लेबल होतं, माझ्याच अक्षरातलं.
रजिस्टर उघडंच होतं.
पेन्सिलीची ओळ जरा पुसट झालेली,
पण वाचता येत होती.