अख्खा गर

डिचोलीच्या कारखान्यात मी काजू फोडते.
पायाने दांडा दाबायचा, हाताने बी फिरवायची,
कवच दोन फाकांत, मधे गर अख्खा.
तुकडा निघाला की भाव पडतो,
म्हणून बोटांना मी घाई कधी शिकवली नाही.

आणि माझ्या मुलाला काजू चालत नाही.

हे ऐकून लोक आधी हसतात.
मग विचारतात, थोडासुद्धा?

चवथीला शेजारची नेवरी खाल्ली त्याने, एक घास.
ओठ सुजले, आवाज घोगरा झाला,
आणि मग आवाजच उरला नाही.
म्हाबळूच्या पिकअपमध्ये, नारळांच्या पोत्यांवर,
साखळीपर्यंत मी त्याच्या छातीवर कान ठेवून होते.
परत आलो तर ताट तसंच,
नेवरीवर दुधाच्या दातांची खूण.

डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनचं पेन येतं,
टोपण काढायचं, मांडीवर दाबायचं.
कुठे मिळेल विचारलं
तर ते आपल्याच खिशातल्या पेनाकडे बघत राहिले.

म्हापसा. पणजी. मडगाव.
एका औषधवाल्याने आकडा कागदावर लिहिला,
तोंडाने उच्चारला नाही.
माझा अडीच महिन्यांचा पगार,
आणि मुदत वर्षाची.

शेवटी कायतानने आणलं, जहाजावरून,
कुठल्या बंदरातून ते त्यालाही आठवेना.
पैसे घेतले नाहीत. म्हणाला, हंगामात हुराक पाठव.
अकरा महिने आम्ही श्रीमंत होतो.
मग तारीख उलटली.
खिडकीशी धरून पाहिलं, आतलं पाणी अजून नितळ होतं.

आरोग्यकेंद्रातल्या सिस्टर इमेल्डाने
माझं सगळं ऐकून घेतलं, खण उघडला,
करंगळीएवढी काच काढून तळहातावर ठेवली.
हेच ते.
हेच?
औषध हेच. महाग ते पेन असतं, बाये.
या काचेला, सुईला धरून,
एका चहा-भज्याचे पैसे पडतात.

मला हायसं वाटलं नाही. राग आला.
वर्षभर कोणीच कसं बोललं नाही?
तिने बोलू दिलं, पाणी दिलं.

डॉक्टरांनी साईशचं वजन करून मात्रा ठरवली.
सिस्टरने पर्समधून नेलपॉलिश काढलं
(ड्युटीवर लावायला मनाई आहे म्हणे)
आणि सिरिंजवर लाल रेघ मारली.
इथपर्यंत. पुढे नाही.
तो वाढला की ये, रेघ वर सरकवू.

सराव कच्च्या पपईवर, साध्या पाण्याने.
नवऱ्याने काच चुरडली, अंगठा कापून घेतला.
मी मान धरली, किंचित फिरवली,
टक्.
चुरा नाही, थेंब नाही.
याआधी केलंयस कधी? सिस्टरने विचारलं.
मी म्हटलं, रोज, हजारदा.

आता साबणाच्या डबीत दोन काचा, दोन सुया, एक चिठ्ठी.
एक डबी घरी, एक शाळेत न्यायची होती,
पण बाई म्हणाल्या, जबाबदारी नको आमच्यावर.
पुन्हा जाणार आहे, सोमवारी, सिस्टरला घेऊन.
तोवर शाळा आणि माझ्यामध्ये नऊ किलोमीटर.

संध्याकाळी नळावर बसते.
डिकाचे हात राखेने, मग साबणाने, मग पुन्हा साबणाने.
कारखान्याची साडी बाहेरच्या दोरीवर.
तेवढा वेळ तो दारात उभा असतो,
जवळ यायचं नाही हे त्याला पाठ आहे.

जेवणानंतर आम्ही खेळतो.
मी डोळे मिटून डबी उघडते,
रिकाम्या काचा सिस्टर राखून ठेवते आमच्यासाठी,
तो आकडे मोजतो, मोठ्याने, पायरीवर बसून.
पाणी रेघेला टेकलं की थांबायचं.

काल वीज गेली होती, तरी मोजले.
सव्वीस, मी म्हटलं, बरं आहे की.
तो म्हणाला, परवा तेवीस होते, आई.
पुन्हा कर.