टरफल

चोवीस डब्या. झाकणांना सुईने भोकं.
प्रत्येकीत एक अळी, वायंगणी भुईमुगावरून वेचलेली,
एरंडाच्या पानाचा तुकडा,
वर माझ्या अक्षरात एक नंबर.

बारा पानांवर नुसतं पाणी.
उरलेल्या बारांवर काजूच्या टरफलाचा अर्क.
फिनॉल, सर फळ्यावर लिहितात,
षटकोन काढतात, त्याला लांबलचक शेपूट.
या शेपटीशी माझी ओळख जुनी,
आवयच्या अंगठ्यापासूनची.

ती वेंगुर्ल्याच्या कारखान्यात बिया फोडते.
पायाने दांडा दाबायचा, हाताने बी फिरवायची,
गर अख्खा सुटला पाहिजे,
तुकडा पडला की भाव तुटतो.
टरफलातून काळं तेल उडतं.
राख लावा, एरंडेल लावा, बोटांची साल जातेच.
आधारच्या यंत्राने तिचा ठसा घेतला नाही.
"परत दाबा, मावशी."
चारदा दाबला.

चौथ्या दिवशी तराजू.
पाण्यावरच्या अळ्या टरटरीत,
पानाची जाळी झालेली, मागे विष्ठेचे काळे मणी.
अर्कावरच्या पानाच्या कडेला तोंड लावून
मागे सरलेल्या. जिवंत.
विष म्हणू नका, सर म्हणतात,
वहीत भक्षणरोधक लिहा.
लिहिलं.

सतरा नंबरची कात टाकायला निघाली
आणि अर्ध्यावर थांबली.
डोकं नवं कोरं,
शेपटीशी जुनी कातडी गोळा झालेली,
घसरलेल्या मोज्यासारखी.
मी भिंग बाजूला ठेवलं,
उगाचच खिडकी उघडली.

घरी सांगितलं. आवय अंगणात
कोकमाची सोलं उलटत होती,
बोटं लाल, खाली काळी.
ती हसली.
"तेलान हात जळले म्हणान
मी काय जेवूचा सोडलंय?"

सुपातली सोलं संपली.
मग, माझ्याकडे न बघता,
"तेका दुसरा पान घाल गो. ह्या नको."

सकाळी सतराच्या डबीत
कोवळं पान ठेवलं, धुतलेलं, प्रयोगाबाहेरचं.
त्याला तोंड लावणारं कुणी नव्हतं.

रजिस्टरात वजन लिहिलं.
शेऱ्याच्या रकान्यात काहीच सुचेना,
पेन गळत होतं,
पान उलटताना अंगठा टेकला
आणि कागदावर उठला,
एकूण एक रेषेसकट.