रकाना सातवा

पहिल्या तारखेला वजनं व्हायची.
जिनिंगवाल्याकडून आणलेला कापसाचा काटा,
एका पारड्यात माणूस, दुसऱ्यात लोखंडी मण.
रमजान खाँ नाव पुकारायचा, मी आकडा मांडायचो.
साहेब यायचे मंगळवारी, बग्गीतून.
जिभा बघायचे, विहीर बघायचे,
भाताचं शीत चिमटीत दाबायचे
आणि इंग्रजीत सही ठोकून
ऊन चढायच्या आत सिव्हिल लाइन्सला परत.
उरलेले सहा दिवस पागलखाना मी चालवला,
बावीस रुपये पगारावर.

चालवला म्हणजे काय?
डाळ छटाकानं मोजली. गूळ फक्त आजाऱ्यांना.
मे महिन्यात विहिरीचा तळ दिसू लागला की
पखालवाल्याशी भांडलो.
कुलपं सत्तावीस, किल्ल्या सव्वीस,
हे कोणाला कळू दिलं नाही.
रायपूरकडून शिपायानं एक बाई आणली,
कागदावर नावच नाही.
बुधवारी आली म्हणून बुधी.

आणि नोंदवहीतला रकाना सातवा:
वेडाचं कारण.
शिपाई लिहून आणायचा, गांजा.
मी उतरवून घ्यायचो, गांजा.
मंडल्याचा बैगा, गांजा. उमरेडचा न्हावी, गांजा.
भंडाऱ्याच्या त्या बालविधवेनंही
सरकारी मतानं चिलीमच ओढलेली.

उरकुडा पराते आला, तेव्हाही तेच.
जात कोष्टी. वय अदमासे चाळीस.
घरचा माग विकलेला.
गिरणीचा भोंगा वाजला की कानात बोळे कोंबायचा,
आणि एका पहाटे
त्या भोंग्याच्याच दिशेनं दगड भिरकावत सुटला, म्हणे.

इथं त्याला माग दिला. कायदाच तसा,
ज्याला जे येतं त्यानं ते करावं,
माल विकावा, पैसा खजिन्यात.
सूत कोरं, काठाला तांबडं.
खड्ड्यात पाय सोडून बसला आणि त्याचे हात निवले.
चार महिने तोंडातून शब्द नाही.
अठरा हात झाले तसा मी कात्री घेऊन गेलो.
लुगड्यावर आडवा पडला.
"पदर नाही आला जी अजून."

ताणा सरत आला की बोटांना राख लावून
नवा धागा जुन्याला पिळायचा, एकेक करून,
दोन-दोन दिवस.
मी दरमहा लिहीत गेलो: लुगडं एक, अपुरं.
साहेबांनी एकदा चष्म्यावरून विचारलं, हे तेच का?
म्हटलं, नाही सर, दुसरं.
उभ्या नोकरीत खोटी नोंद म्हणाल तर ही एकच.
गांजा सोडला तर.

मग सन अठराचा आश्विन.
रात्रपाळीचा रखवालदार फिरतो तसा ताप फिरला,
दर दाराशी थांबत.
रमजान खाँ गेला. बुधी गेली,
स्वतःचं खरं नाव सोबत घेऊन.
गिरणी चालू होती, इतवारीत कापड मात्र मिळेना.
सकाळी मी कोठाराच्या पायरीवर बसलो होतो,
आत पोती उसवायला सांगून.
उरकुडा आला, हात पुढं केला.
कात्री मागत होता.

गज नाही, हात नाही, नुसत्या नजरेनं
उंची बघून फाडत गेला.
बायांना काठाकडची बाजू.
रमजान खाँसाठी तांबडा काठ उसवून काढला,
कोरा तुकडा दोनदा झटकला.
एकोणीस झाले.
उरलेला हातभर तुकडा त्यानं मला दिला,
मी तो टेबलाच्या खणात ठेवला, दौतीखाली.
दुपारी तो पुन्हा खड्ड्यात पाय सोडून बसला,
"सूत पाठवा जी" म्हणाला.

महिनाअखेर हिशेब.
लुगडं एक, अपुरं. विल्हेवाट?
विकलं नाही, चोरीला गेलं नाही, उंदरांनी खाल्लं नाही.
पुष्कळ वेळ टाक कोरडा.
तो रकाना तसाच ठेवून मी मागची पानं उलटली,
पराते उरकुडा, रकाना सातवा,
चाकूच्या टोकानं तिथला गांजा खरवडला.
सरकारी कागद पातळ.
भोक पडलं.
त्यातून खालच्या पानावरचं कोणाचं तरी वजन दिसत राहिलं:
एक मण, सात शेर.