एक इंच कमी

मुलींचा चेंडू मुलांच्या चेंडूहून घेराने एक इंच कमी.
हा फरक नियमातच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही.
बाकीचे कुठे लिहिलेले नाहीत,
ते मला कपडे धुताना कळले.

टॅमरॅक कॉलेज, विद्यार्थी चारशे बारा.
उत्तरेला सुपीरियर सरोवर, दक्षिणेला बंद पडलेली तांब्याची खाण,
मधे हे जिम, जिमखाली मी
आणि दोन मशीन, त्यातलं एक चालू.

मुलांचा संघ लॉगर्स, म्हणजे लाकूडतोडे.
मुलींचा लेडी लॉगर्स.
तेवीस वर्षांत मुलांना कुणी जेंटलमन म्हटलेलं ऐकलं नाही,
आणि तशी वेळ त्यांनीही आणलेली नाही.

मुलांना दर दोन वर्षांनी नव्या जर्सी.
त्यांच्या जुन्या मुलींना, पाठीवरचा सात उसवून तेरा शिवलेला.
कापड ओलं झालं की सात परत दिसतो,
पाटी पुसली तरी तिरप्या उजेडात कालचा हिशेब दिसावा तसा.

घाम काय, सगळ्यांचा सारखाच, म्हणतात लोक.
म्हणणाऱ्याने कधी धुतलेला नसतो.
मुलांच्या मोज्यांना भिजल्या कुत्र्याचा वास,
मुलींच्या पट्ट्यांना मलमाचा,
कारण पगारी ट्रेनर येतो साडेसहाला
आणि तोवर त्यांनी एकमेकींचे गुडघे बांधलेले असतात.

साडेपाचला मुली, साडेसातला मुलं.
पॉपकॉर्नचं यंत्र तापतं सातला.
मुलींची शेवटची पाच मिनिटं उरली की बाकं भरू लागतात,
जागा धरायला.
कोट पसरतात, बर्फ झटकतात, विचारतात,
"संपत आलं का?"
नोव्हेंबरपासून मुली सतरा जिंकल्यात.
मुलं चार.

मग जानेवारीतल्या त्या शनिवारी
पाहुण्या मुलांची बस घसरून चरात गेली.
माणसं धड, बस आडवी, सामना रद्द.
बाहेर गुडघाभर बर्फ, नांगर यायला तास होता,
आणि आत मुलींचा सामना बरोबरीत, जादा वेळेत.
बँडवाला वेंडेल रुओना म्हणाला, आलोच आहोत तर वाजवू.

खाली माझ्या छतातून धूळ पडली.
मी हात पुसले, जिना चढले, दारात उभी राहिले.
एका गुणाने मागे, चार सेकंद बाकी,
ऐली सारेला दोन फ्री थ्रो घ्यायला रेषेवर.
मोसमात ही पोर फक्त तीन चुकली होती.
सहाशे माणसं पाय आपटत तिचं नाव घेत होती
आणि ती चेंडू हातात धरून
कोण हाका मारतंय म्हणून वर बघत राहिली.

पहिला चुकला.
दुसराही.

रात्री ती जर्सी घेऊन खाली आली.
रडली नव्हती. कानात बोट घालून हलवत होती,
पोहून आल्यासारखं.
"हिल्मा, मुलांना रोज असतो का हा आवाज?"
"रोज."
"हरत असले तरी?"
"हरत असले तरी."

ती चालू मशीनवर चढून बसली.
पिळायच्या फेरीत ते फार थरथरतं, एका बाजूला सरकतं,
कुणीतरी वर बसावंच लागतं.
थांबेपर्यंत बसली.
मग उतरून पट्ट्या सोडवायला लागली,
आणि मी मुलांच्या कोऱ्या, न घातलेल्या जर्सी
घड्या न मोडता परत कपाटात ठेवल्या.